थोरल्या दिराची वीट

पनवेलपासून उलव्यापर्यंत नवी इमारत दिसली की लोक बिल्डरचं नाव विचारतात. मग दर विचारतात. मग विमानतळ किती लांब ते विचारतात. त्या इमारतीच्या विटा कोणी झेलल्या, हे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही, म्हणून न विचारता सांगते. मी झेलल्या. सगळ्या नव्हे. आताच्या टॉवरला विटा लागतच नाहीत, पांढुरके ब्लॉक लागतात आणि ते क्रेन उचलते. क्रेनला बोटं नसतात, त्यामुळे ती चेचतही नाहीत. ही प्रगती मला मान्य आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. गाव गव्हाणच्या पलीकडे, खाडीला लागून. वडील दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढायचे. सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा ज्यांच्या नावावर मिठागर होतं त्यांना प्लॉट मिळाले, आणि ज्यांच्या पाठीवर मीठ होतं त्यांच्याकडे पाठ राहिली. माझी शेजारीण आज तीन माळ्यांची मालकीण आहे. मला म्हणते, "चांगुणा, तुजी तब्येत बग कशी दगडासारखी हाय." असणारच. ती तीन माळे चढून दमते, मी तिचे तीन माळे चढवलेत.

काम काय ते आधी सांगते, कारण सुशिक्षित माणसाला वाटतं विटा आपोआप वर जातात. खाली एकजण उभा राहून वीट वर फेकतो आणि पहिल्या माळ्याच्या स्लॅबच्या कडेला एक बाई उभी राहून ती झेलते. दोन विटा एकदम, एकीवर एक. त्याहून वर न्यायच्या असतील तर मधे परांचीवर आणखी एक माणूस. फेकणाऱ्याचं काम ताकदीचं आहे, झेलणारीचं नाही. वीट वर येता येता दमत जाते आणि पार वर आली की क्षणभर थांबते. तेव्हा तिला वजनच नसतं. फळीवरून डबा काढावा तशी ती हवेतून काढून घ्यायची. आधी हात घातला तर ती बोटांवर आदळते. उशिरा घातला तर ती खाली निघालेली असते, आणि खाली फेकणाऱ्याचं डोकं असतं. बघणारे मुकादम आयुष्यभर ओरडत आले, "हात घट्ट ठेव, हात घट्ट ठेव." हाताचा काही संबंध नाही. तो क्षण डोळ्याला कळतो. हात म्हणजे डोळ्याचा बिगारी.

हे मला पनवेलच्या एका वीटभट्टीवर सोमी नावाच्या बाईने शिकवलं. डोंगरातली, बोलायला तिखट. ट्रकमध्ये विटा भरायचं काम होतं. तिने माझे हात माझ्याच पदराने मागे बांधले आणि मला नुसतं उभं केलं. "आधी डोळ्यानं धर. हात काय, ते मागून येतील. कुठं जातायत?" भट्टीवाला हसून लोळायचा बाकी होता. मजुरी देऊन बाई नुसती बघत उभी, असं त्याने पहिल्यांदा पाहिलं. स्वतः तो रोज तेच करायचा, पण त्याला मालक म्हणतात.

सोमीचं म्हणणं एवढंच. वीट फेकणाऱ्याच्या हातात असतानाच डोळ्यात धरायची. सुटली की तिच्याबरोबर वर यायचं, तिच्या मागून नाही. अर्धी वाट झाली की ती कुठे थांबणार ते कळतं. मग डोळ्याने तिला सोडून पुढे व्हायचं आणि त्या जागी जाऊन थांबायचं, पाहुणा यायच्या आधी आपण दारात जाऊन उभं राहतो तसं. जिथे डोळा गेला तिथे हात आपसूक जातो. आपल्या हाताकडे बघायचं नाही. नवीन बाई हमखास हाताकडे बघते. नाहीतर वीट जवळ आली की डोळे मिटते. डोळे देवळात मिटावेत. पण सगळ्यात वाईट ती, जी वीट अर्ध्या वाटेवर आल्यावर बघायला लागते. तिचा डोळा मग विटेमागे धावतो, सुटलेल्या एसटीमागे माणूस धावतो तसा. आणि एसटीचा कंडक्टर एखाद वेळी बेल मारतो तरी.

आता गेल्या वर्षीचं सांगते. उलव्याच्या बाजूला नरेशशेठचा बंगला चालू होता. शेठ आमच्याच भागातला. बापाने मीठ ओढलं, याने प्लॉट ओढले. क्रेन परवडत होती, पण गल्लीत शिरत नव्हती, कारण गल्लीच्या तोंडाशी शेठच्याच दोन गाड्या उभ्या, चाव्या शेठच्या उशाशी, आणि शेठला उठवायची कोणाची टाप नाही. शिवाय त्याला बंगला लाल विटेचाच हवा होता, ब्लॉकचा नको. कोणीतरी सांगितलं होतं की विटेचं घर थंड राहतं. म्हणून हातानेच विटा चढवायचं ठरलं. दगडू मुकादम माझ्याकडे आला. माझे गुडघे तोवर कामातून गेले होते.

"मावशी, तू फक्त वर खुर्ची टाकून बस. एक पोरगी देतो, तिला तयार कर."

खुर्ची काही मिळाली नाही. विटांच्या थप्पीवर बसले.

पहिल्याच दिवशी नरेशशेठ वर आला. पांढरे कपडे, मनगटात सोन्याचं कडं. गावच्या क्रिकेट टीममध्ये तो यष्टीमागे उभा राहतो.

"मावशे, हे तर कॅचिंग प्रॅक्टिस हाय! मी पण हात टाकतो."

"टाक. फक्त जाताना सगली बोटं मोजून घरी ने."

मला वाटलं पहिल्याच विटेला आई आठवेल. नाही. गड्याने नजर खालच्या हातावर लावली, वीट वर आली, आणि बरोबर जिथे थांबली तिथून उचलली. पुन्हा पुन्हा. यष्टीमागे उभं राहून राहून डोळा तयार झालेला होता. माझ्या पोटात दुखलं, पण खरं ते खरं. दुसऱ्या दिवशी मात्र शेठचे तळवे पुरीसारखे फुगले होते. चेंडूला कोपरे नसतात हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून मला म्हणतो, "तुमचे कसे सुजत नाय?"

"आमचे तलवे मेलेत शेठ. मेलेलं सुजत नाय."

मुकादमाने दिलेली पोरगी म्हणजे रेणुका. घाटावरची, ऊसतोडीवाल्या घरातली. सासू, थोरला दीर आणि हिचा नवरा, सगळे आमच्या कामावर. दसरा झाला की त्यांची टोळी कारखान्याकडे जाते. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाला कोणी विचारत नाही. थोरल्या दिराची बायको वारलेली, त्यामुळे तो वर्षभर इथेच बांधकामावर. हिला मात्र नवऱ्याबरोबर जावं लागायचं. दगडूने सांगितलं होतं, पोरगी झेलायला तयार झाली तर जोडीला वर्षभर ठेवतो, तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली राहील.

मी विचारलं, "उसावर जायला काय झालं गो?"

"मागल्या साली फडात माझं पोट पडलं, मावशी. मोळी बांधता बांधता. टोळीचा मुकादम म्हनला, सांजच्याला जा दवाखान्यात, गाडी भरू दे आधी."

मी तिच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. म्हटलं, "पाय जरा फाकवून उभी राहा. कडेपासून एक वीत मागे."

सुरुवातीला तिच्या नवऱ्याने एकेक वीट फेकली. तिने सगळ्या घेतल्या. एवढ्या लवकर शिकणारी बाई मी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, चला, आयुष्यात एक काम सोपं निघालं. मग खाली खरा फेकणारा उभा राहिला. बाबू, तिचा थोरला दीर. मानेला जू बसेल असा गडी, दोन विटा अशा वर पाठवायचा की वर येईपर्यंत त्यांच्यात फट पडायची नाही. आणि रेणुकाला एकही नीट घेता येईना. कधी बोटांवर, कधी मनगटावर, कधी तिला चुकवून विटा परत खाली. बाबू बाजूला उड्या मारी आणि माझ्यावर ओरडे, "मावशी, तिला म्हनावं हात घट्ट ठेव!" ती समोर उभी असताना माझ्यामार्फत. मला वाटलं माणूस भांडकुदळ असेल.

मी तिला सगळं बोलून पाहिलं. पाय बदलले, जागा बदलली, शिव्या बदलल्या. तिची नखं काळी पडली. दगडू म्हणाला, "मावशी, दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर जाऊ दे तिला टोळीबरोबर." नरेशशेठने वेगळाच शोध लावला, "तिला नंबर असल. चष्मा लावा, खर्च माजा." म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीवरच्या खुणा दाखवल्या, कुठल्या बाजूला तोंड ते विचारलं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं. आलोच आहोत तर तुम्हीही बसा, म्हणून मला बसवलं, आणि माझ्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. माणसाने दुसऱ्याची तपासणी करायला जाऊ नये.

आता तो काढून झालाय. आता मला पलीकडच्या टॉवरवरचा मजूर स्वच्छ दिसतो. झेलायला मात्र काही येत नाही. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान उतरतं आणि सगळी गल्ली तोंड वर करून बघत राहते, तेवढंच. त्यालाही डोळा चिकटून सरकत जातो, पण ते काही आपल्या हातात पडणार नसतं.

दवाखान्यातून आल्यावर मी ठरवलं की विटेकडे बघायचं नाही. आयुष्यभर विटा चालू असताना मी विटेकडेच बघत आले होते, आता पोरीच्या डोळ्यांकडे बघायचं. थप्पीवर बसले आणि बघितलं. बाबूने विटा उचलल्या, हिचे डोळे स्लॅबच्या कडेला बाहेर आलेल्या सळईवर. बाबूने हात मागे घेतले, हिचे डोळे सळईवर. विटा सुटल्या, तरी सळईवर. विटांचं डोकं कडेच्या वर आलं तेव्हा कुठे डोळे दचकून तिकडे गेले. तोवर एसटी सुटलेली.

काम थांबवलं. "खाली का नाय बगत?"

तिने पुन्हा सळईकडेच बघितलं.

"मेले, खाली तुजा कोन यम उभा हाय?"

"थोरले भावजी हायत," ती पदर पुढे ओढत पुटपुटली. "त्येंच्या तोंडाकडं कसं बघू?"

तेव्हा उजेड पडला. त्यांच्या घरात सुनेने थोरल्या दिराच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, तोही तिच्याशी बोलणार नाही. आमच्याकडेही सासऱ्यासमोर पदर होता. पण आमचे सासरे आमच्यावर विटा फेकत नव्हते.

"तोंडाकडं नको बगूस, हाताकडं बग."

"हात बघाय गेलं की तोंड दिसतंय, मावशी. ते तिथंच असतंय."

ते खरं होतं. तोंड आणि हात लांब लांब ठेवायची सोय देवाने केलेली नाही. मी दगडूला म्हटलं, फेकणारा बदल. तो म्हणाला, दोन विटा एवढ्या उंच फेकणारा दुसरा आण, बदलतो. मग मी खाली उतरले, गुडघ्यांना शिव्या देत, आणि बाबूला समजावलं. तो विटेच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "रीत हाय आमची. आई हाय हितंच, तिला काय सांगू?"

"बरं. रीत तुजी, आई तुजी. वीट पडली तर खांदा पन तुजाच."

मी काही भविष्य सांगत नव्हते, पण जेवणाच्या सुट्टीआधी वीट पडलीच. बाबूने डोकं काढलं, खांदा राहिला. कातडं सोलून निघालं. तो खाली बसला. वर रेणुका दोन्ही हात तोंडावर धरून उभी, आणि तेवढ्यातही नजर सळईवर. भावजी मेले की जगले तेही सळईलाच विचारणार होती.

मी बाबूच्या गळ्यातला गमछा ओढला. "तिनं तोंड बगायचं नाय ना? मंग तू झाक. पदर तू घे."

गवंड्याच्या हातातली थापी पडली. "बाबू, नवरी कुठल्या गावची रं?" नरेशशेठने मोबाईल काढला. मला वाटलं बाबू आता माझ्यावरच वीट घालतो. पण खांदा ठणकत होता, आणि ठणका चालू असला की माणूस पटकन शहाणा होतो. त्याने गमछा डोक्यावरून घेतला, नाकातोंडावरून गुंडाळला, फक्त डोळ्यांपुरती फट ठेवली. आणि उभा राहिला, लाजऱ्या म्हशीसारखा.

"आता बग," मी वर तोंड करून तिला ओरडून सांगितलं. "आता खाली भावजी नाय, बुजगावणं हाय."

तिने बघितलं. विटा सुटल्या आणि तिचे डोळे त्यांच्याबरोबर वर आले. हात पुढे झाले, विटा घेतल्या, बाजूला ठेवल्या. आवाजसुद्धा नाही. दुसरी जोडी. तिसरी. मी पुन्हा वर जाऊन बसले तरी ती चालूच होती. लय लागली की फेकणारा आणि झेलणारी एकमेकांना काही सांगत नाहीत. ही दोघं तर आधीपासूनच सांगत नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन. गमछ्याच्या आत बाबूचं भरीत होत होतं. बऱ्याच वेळाने त्याला दम कोंडला. विटा हातातून सुटल्या आणि त्याच झटक्यात त्याने गमछा तोंडावरून ओढून काढला. मी थप्पीवरून उठले. पोरीचे डोळे आता सळईवर जाणार, विटा परत खाली येणार, आणि हा तोंड उघडं टाकून वर बघत उभा.

डोळे गेले नाहीत. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, विटांबरोबर वर आली आणि विटा घेतल्या. मग थांबून परत खाली बघितलं, पुढच्यासाठी. शेवटी बाबूनेच मान वळवली. मग त्याने खाकरून घसा साफ केला आणि पुढच्या दोन उचलल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने गमछा कमरेला बांधला. दुपारी भाकरी खायला बसताना ती त्याच्याकडे पाठ करून, नाकापर्यंत पदर ओढून बसली, आणि जेवण झाल्यावर वर जाऊन पदर कमरेला खोचून त्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. दगडूने जोडीला ठेवायचं कबूल केलं. मी म्हटलं, संपलं काम.

पण नरेशशेठच्या मोबाईलचं संपलं नव्हतं. त्याने गमछावाला व्हिडिओ स्टेटसला टाकला होता, पाठोपाठ दुसरा, बिनगमछ्याचा. गवंड्याने तो कौतुकाने रेणुकाच्या सासूला दाखवला. म्हातारीला मोबाईल कुठून धरायचा ते ठाऊक नाही, पण सून कुठे बघतेय ते बरोबर कळलं.

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक आला. सासूने सगळ्यांच्या आधी रेणुकाचं गाठोडं आत टाकायला लावलं. दगडू मधे पडला, "आजी, मी ठेवतोय म्हटलं ना दोघांना."

"तू ठिवनारा कोन? थोरल्याच्या तोंडाला तोंड देऊन उभी ऱ्हाती, साऱ्या दुनियेनं बघितलं. उसात बरी. उसात कुनी फोटू काढत न्हाई."

"घरचा मामला आहे," असं म्हणून दगडू सिमेंट मोजायला गेला. सिमेंट सकाळीच मोजून झालं होतं. नवरा चपलेचा अंगठा बघत उभा. राहिले मी.

"अगं बाय, ती वीट बगते. तुज्या पोराच्या तोंडात काय हाय बगण्यासारखं?"

"तोंड असंल कसंबी. रीत ती रीत."

"आनि तिनं नाय बगितलं तर तुज्या पोराचं टाळकं फुटंल, ते चालंल रीतीला?"

म्हातारी ट्रकमध्ये चढायला लागली. रेणुका तिच्या मागे निघाली. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीवर. ती चढणार हे मला दिसत होतं. आयुष्यभर माझं तोंड चाललं, आणि हवं तिथे ते कधी उपयोगी पडलं नाही.

बाबू ट्रकवर होता, आईचं सामान रचत. त्याने आईला हात देऊन वर घेतलं, गोणीवर बसवलं. मग खाली वाकून काहीतरी शोधलं. रेणुकाशी तो बोलू शकत नव्हता, आईशी बोलायचं त्याच्याने झालं नाही. त्याने रेणुकाचं गाठोडं दोन्ही हातांत धरलं आणि ट्रकच्या मागच्या फाळक्याशी येऊन उभा राहिला, नुसता.

रेणुकाने पदर मागे सारला. मान वर केली आणि सासूदेखत त्याच्याकडे बघितलं.

त्याने गाठोडं फेकलं. तिने झेललं. आत भांडी होती, ती खणखणली.

"फुटलं का काय?" सासू गोणीवरून ओरडली.

"न्हाई, आत्याबाई," रेणुका म्हणाली, आणि गाठोडं काखेत मारून कामावर गेली.